भिंत बांधली आणि आवाज वाढला

माझ्या माहेरच्या माणसांना हळू बोलता येत नाही. लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं होतं, तुझ्या घरचे सगळे कानानं अधू आहेत का गं? मी म्हटलं, कानानं अधू नाहीत, मागवाले आहेत. हे मी ताठ मानेनं सांगितलं होतं आणि आजही तसंच सांगते. आमच्याकडे नम्रपणा कुणालाच फारसा जमला नाही, मलाही नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर होतं. खाली चार यंत्रमाग आणि वर आम्ही. घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो आणि आईला अम्मा. चार मागांपैकी दोन नाना चालवत आणि दोन अम्मा. आमच्या आळीत बायका सुताच्या कांड्या भरायच्या, विड्या वळायच्या, पण मागावर उभी राहणारी बाई एकच होती, आणि ती माझी आई होती.

अम्माही आधी विड्याच वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, दिवसभर मान खाली. मग एका वर्षी नाना टायफॉइडनं अंथरुणाला खिळले. चादरी वेळेवर द्यायच्या होत्या, म्हणून अम्मानं पदर खोचला आणि मागाची कळ ओढली. नाना बरे होऊन खाली आले तेव्हा ती म्हणाली, ते दोन तुमचे, हे दोन माझे. नानांनी चादरीवरून हात फिरवून बघितला, विणीत काही खोट सापडते का ते पाहिलं, आणि मुकाट्यानं आपल्या दोन मागांकडे गेले. त्या दिवशी विडीचं सूप स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर गेलं. तंबाखूच्या वासानं तिला खोकला यायचा, तोही त्याच्याबरोबर गेला.

आमच्या मागखान्याला पुढून भिंत नव्हती. दुकानाला असतात तशा लाकडी फळ्या होत्या. सकाळी त्या काढून ठेवल्या की सगळा मागखाना रस्त्याला उघडा. अम्माचा माग अगदी पुढे, दाराला आडवा होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती बाजूनं दिसायची. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना दिसायचा, फणी ठोकताना दिसायची, आणि लाल सुतात हिरवा मोर पायापासून वर वर येताना दिसायचा. लोक सायकल टेकवून बघत उभे राहायचे. त्यांच्यासमोर अम्माची पाठ आणखी ताठ व्हायची, हे मी जिन्यावर बसून कांड्या भरता भरता बघितलेलं आहे.

आवाजाचं म्हणाल तर तो आम्हाला ऐकू येतच नसे. वीज गेली आणि माग थांबले की मात्र पाळण्यातलं मूल दचकून उठायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या समोरच्या मोकळ्या जागेत घरांची एक रांग उभी राहिली. तिथे नोकरदार माणसं राहायला आली. अगदी आमच्या समोर रेल्वेतले एक गार्ड आले. ते रात्रीची गाडी घेऊन जायचे आणि दिवसा झोपायचे. मागांसमोर घर घेऊन दिवसा झोपणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. पण गार्डसाहेबांनी कधी चकार शब्द काढला नाही. जाता येता ते अम्माच्या मागाकडे बघायचे, मान हलवायचे आणि घरात जाऊन झोपायचे.

मग करमाळ्याकडच्या गावाहून त्यांची आई राहायला आली. ठसठशीत कुंकू, नऊवारी, आणि बोलणं असं की आळीच्या टोकाला ऐकू जावं. मला ती त्यामुळेच आपल्यातली वाटली. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून ती नानांना म्हणाली, "तुमच्या यंत्राचा लई आवाज हाय की."

बस, एवढंच. तिनं ते पाऊस हाय की म्हणावं तितक्या सहज म्हटलं होतं. पण आमचे नाना म्हणजे शब्द झेलणारा माणूस. आपल्या मागामुळे म्हाताऱ्या बाईला त्रास होतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. कुणाला काही न विचारता त्यांनी गवंडी बोलावला, फळ्या काढून टाकल्या आणि पुढून विटांची पक्की भिंत घातली. वर छताजवळ हवेपुरतं भोक आणि कडेला एक चिंचोळं दार. सिमेंटचा गिलावा झाल्यावर ते रस्त्यात उभे राहिले, कान देऊन ऐकलं आणि खूश होऊन म्हणाले, "निम्मा झाला बघ आवाज." आणि ते खरं होतं. मीही रस्त्यात उभी राहून ऐकलं होतं.

आता यापुढे जे झालं ते आजही मी सांगते तेव्हा लोकांना पटत नाही. भिंत झाल्यापासून समोरच्या रांगेत बोभाटा सुरू झाला की आवाज वाढला. एकानं नाही, सगळ्यांनी. नवे माग आणलेत, भिंतीमागे लपवून मोठी मशीन बसवलीय, असंही कुणी म्हणालं. इतके दिवस गुपचूप झोपणारे गार्डसाहेब तांबारलेल्या डोळ्यांनी दारात आले आणि म्हणाले, "माफ करा, पण आता डोळ्याला डोळा लागत नाही." नाना वर येऊन जेवायला बसले आणि जेवलेच नाहीत.

रांगेतल्या लोकांनी मिळून महानगरपालिकेत तक्रार दिली. पहिला अंगठा म्हातारीचा. पाहणीला माणूस येईल आणि त्यानं तसं ठरवलं तर माग गावाबाहेर हलवावे लागतील, असा निरोप आला. नानांची सोय होती. धाकट्या काकांची गावाबाहेर शेड होती, तिथे त्यांनी चारही माग नेले असते आणि एखादा कामगार ठेवला असता. अम्माची सोय नव्हती. घर, स्वयंपाक, आम्ही चार भावंडं टाकून ती रोज तिकडे जाणार कशी? माग गेले की तिच्यापुढे पुन्हा तंबाखू आणि पानंच होती. त्या दिवसांत स्वयंपाकघरात गेले की माझी नजर आधी खिळ्यावरच्या सुपाकडे जायची, आणि मला त्याचा राग यायचा.

एका सकाळी म्हातारी स्वतःच आली. चिंचोळ्या दारातून आत शिरली ती भांडायच्या तयारीनं. अम्माचा माग चालू होता आणि मधेच तो सोडता येत नाही. तिनं एका हातानं बसायचं स्टूल पुढे ओढलं आणि खुणेनं बसा म्हणून सांगितलं. म्हातारी बसली. तोंड उघडलं, पण त्या खडखडाटात तिचंसुद्धा बोलणं कुणाला ऐकू जाईना. तेव्हा ती नुसती बघत राहिली. धोटा इकडून तिकडे. फणीचा ठोका. मोराची मान आली, मग तुरा आला. म्हातारीनं हळूच हात पुढे करून तयार चादरीचा काठ चाचपला. थोड्या वेळानं मी कांड्या घेऊन खाली आले तर ती सुताच्या गठ्ठ्याला टेकून चक्क झोपली होती.

कांडी संपून माग थांबला तशी ती जागी झाली. म्हणाली, "बंद का केलं?"

अम्मा हसली. तिचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण ती ते बिनधास्त बोलायची. "मावशी, तुमाला आवाजचा त्रास हाय ना?"

"हितं कुटं काय त्रास हाय," म्हातारी म्हणाली. "तितं घरात बसलं की वाटतं, भिंतीमागनं कुनीतरी डोस्क्यात कुटतंय. आता थांबंल, मग थांबंल, म्हून सगळा जीव कानात. हितं दिसतंय की काय चाललंय ते." मग ती म्हणाली, "आमच्या गावाला मोट होती. दिसभर करकरायची. पर मोटंचा आवाज मला कधी लागला न्हाय. डोळ्याम्होरं पानी पडायचं ना."

म्हातारी गेल्यावर अम्मा कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिली. रात्रीच्या जेवणाला तिनं नानांना सांगितलं, भिंत पाडा. नाना म्हणाले, आवाज कमी करायला भिंत घातली, आता आवाज कमी करायला भिंत पाडू? लोक मला वेड्यात काढतील. अम्मा म्हणाली, मिलचा भोंगा बघा. सगळं सोलापूर हादरतं त्यानं. कुणी तक्रार करतं का? धुराडं सगळ्यांना दिसतं आणि भोंगा कशाला वाजला तेही कळतं. आपलं मेलं काहीच कुणाला दिसत नाही. नाना म्हणाले, आवाज कानानं ऐकतात. अम्मा म्हणाली, तुम्ही ऐकत असाल.

पुढची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना सूत आणायला बाहेर पडले आणि अम्मानं पहार उचलली. तिच्या मागाच्या बरोबर समोर, छातीच्या उंचीवर, तिनं भिंतीला पहिला घाव घातला. मी विटा काढून बाजूला रचत होते. समोरच्या ओट्यावरून म्हातारी ओरडून सूचना देत होती, जरा डाव्या अंगाला घे, खालची वीट धर. आळीतल्या बायका विड्यांची सुपं बाजूला ठेवून बघायला आल्या. कुणी हसलं नाही. पदर खोचलेली, केसांत सिमेंट गेलेली माझी आई त्या दिवशी जशी दिसली, तसं देखणं माणूस मी नंतर पाहिलेलं नाही.

नाना आले तेव्हा भिंतीला हे भगदाड, आतून माग चालू आणि मोर रस्त्यावरून दिसतोय. "इदिगो," ते म्हणाले. इदिगो म्हणजे हे बघ. तिला हाक मारायचा त्यांचा तोच शब्द होता. ते तरातरा रस्ता ओलांडून म्हातारीच्या ओट्यावर गेले, कान दिला आणि म्हणाले, "आजी, आवाज वाढलाय."

"कमी झालाय," म्हातारी म्हणाली.

"अहो वाढलाय. आत-बाहेर मोकळं झालं. माझे कान काय खोटं सांगतात? तिकडचा कोपऱ्यातला मागसुद्धा ऐकू येतोय आता."

"आवं, तरास मला हुतो की तुमाला? मी म्हनते कमी झालाय."

आळी हसून हसून बेजार झाली. मागवाला घसा फोडून सांगतोय की माझा आवाज वाढलाय, आणि तक्रार करणारी म्हणतेय, छे, कमी आहे. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. नाना कानांनी ऐकत होते. म्हातारी अम्माकडे बघत ऐकत होती.

नाना हट्टी असले तरी कामाला हलगर्जी नव्हते. भोक पाडलंच आहे तर ते नीट तरी दिसू दे, म्हणून त्यांनी स्वतः चौकट बसवली, गज घातले, आणि जुन्या फळ्या कापून खिडकीला दारं केली. तयार झालेली चादर अम्मा गजांवर टाकू लागली. समोरच्या रांगेत पुन्हा झोपा लागू लागल्या. गार्डसाहेब पूर्वीसारखे मान हलवून जाऊ लागले. म्हातारीनं आपली खाट ओट्यावर अशी ओढून घेतली की उशीवरून खिडकी दिसावी. कुठला रंग आज मागावर चढला याची खबर आम्हाला तीच देऊ लागली.

पण कचेरीत गेलेला कागद आपल्या चालीनं चालतच होता. तो परत आणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

त्यातच म्हातारीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा आम्हाला कळलं की इतके दिवस तिला मोर असा दिसतच नव्हता. लाल-हिरवं काहीतरी हलतंय, एवढंच दिसायचं, आणि तेवढं तिला पुरत होतं. घरी आणलं तेव्हा दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी होती आणि उजेडाकडे तोंड करायचं नाही अशी डॉक्टरांची तंबी होती. पहिल्याच दुपारी ती कण्हत म्हणाली, "पोरी, तुमचा आवाज पुन्ना लई मोठा झालाय गं." मी येऊन अम्माला सांगितलं. पाहणीचा माणूस त्याच आठवड्यात यायचा होता.

अम्मा डगमगली नाही. दुसऱ्या दिवसापासून माग सुरू करायच्या आधी ती समोर जायची, म्हातारीच्या खाटेवर टेकायची आणि आज काय विणणार ते तिला सांगायची. आज मोर हाय मावशी, लाल जमिनीवर. आधी मोर, मग मी जरा थांबनार, धोटा बदलनार, पिवळा धागा घालनार, मग काठ. तिचा हात धरून ती हवेत मोराची मान काढून दाखवायची. मग येऊन माग सुरू करायची.

पाहणीचा माणूस आला. सफारी, हातात पिशवी, स्वभावानं बरा वाटला. तक्रारीत पहिला अंगठा म्हातारीचा, म्हणून तो आधी तिच्याकडे गेला. मी धावत मागून गेले आणि ओट्याच्या खांबापाशी उभी राहिले. नाना सूत आणायला गेले होते; समोर खिडकीतल्या एकाच मागावर अम्मा काम करत होती. तिला इथलं अक्षरही ऐकू जाणार नव्हतं आणि तिनं वळूनही पाहिलं नाही. चादरीचा धागा तुटू नये म्हणून असेल, नाहीतर तिला बघायचंच नसेल.

"आजी, आवाजाचा त्रास होतो का?" त्यानं विचारलं.

"डोळं बांधल्यापासनं लई मोठा वाटतोय," म्हातारी म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे ते खिळ्यावरचं सूप आलं. म्हातारीच्या जिभेवर माझ्या आईचा माग होता.

तेवढ्यात समोरचा माग थांबला. आळीत एकदम शांतता झाली. मग खट करून कळ ओढल्याचा आवाज आला आणि पुन्हा खडखडाट सुरू झाला.

म्हातारीनं पट्टी बांधलेलं तोंड खिडकीकडे वळवलं. "ऐकलं का सायेब? थांबली ना मगाशी, तवा तिनं धोटा बदलला. मोर झाला. आता पिवळ्या धाग्याचा काठ चाललाय." ती उशीवर नीट टेकली. "आवाज मोठाच हाय. पर मला ठावं हाय तितं काय चाललंय ते. त्यो बंद केला तर दिसभर मी हितं अंधारात काय बघू?"

त्या माणसानं पिशवी उघडली, म्हातारीचा अंगठा तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर घेतला आणि आणखी दोन घरी विचारून, त्यांनीही तक्रार नाही म्हटल्यावर, निघून गेला. जाताना तो आमच्या खिडकीपाशी थांबला आणि सायकल टेकवून बघणाऱ्या लोकांसारखा काठ पुरा होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

मी मागखान्यात गेले आणि अम्माच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून सगळं सांगितलं. तिचे हात चालूच होते. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "तेव्हा मागावर काय चाललंय म्हणाली ती?"

"पिवळ्या धाग्याचा काठ."

"बरोबर आहे," अम्मा म्हणाली. मग तिनं पदरानं डोळे पुसले. माझ्या आईला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि ती मागावर उभी होती.

त्या संध्याकाळी तिनं खिळ्यावरचं सूप काढलं, अंगणात नेऊन राखेनं घासलं, दोन दिवस उन्हात ठेवलं आणि त्यात ज्वारी पाखडायला घेतली.